पाच बाजार, पण साक्षीदार किती?

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यापुढे अनेकदा एक प्रश्न उभा राहतो. कापसाचा भाव उतरला. माल आजच विकावा, की भाव पुन्हा चढेल म्हणून घरात साठवावा?

समजा, क्विंटलचा भाव नेहमीच्या पातळीपेक्षा ८०० रुपयांनी घसरला. ही तफावत दरमहा निम्मी होत असेल, तर ती ८००, ४००, २००, १०० अशी विरत जाईल. येथे गुणक १/२ आहे. गुणक १ असेल, तर मात्र ८०० ची तफावत ८०० च राहील आणि नवनव्या धक्क्यांनी भाव कोठेही भरकटेल. अशा आकड्यांच्या मालिकेत ‘एकक मूळ’ आहे, असे म्हणतात. ते ओळखण्याची चाचणी डिकी व फुलर या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडली.

पण गुणक ०.९५ असला, तर थोड्या वर्षांच्या आकड्यांवरून तो १ पासून वेगळा ओळखणे कठीण जाते. मग परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड असे अनेक बाजार एकत्र तपासले तर? लेविन व लिन यांनी १९९२ साली अशीच एकत्रित चाचणी सुचवली.

येथेच फसगत होते. प्रयोग करून पाहा. पाच मित्रांनी एकेक नाणे उडवावे. पाचही छापे पडण्याची शक्यता १/३२, म्हणजे शंभरात सुमारे तीन. तसे घडले, तर नाण्यांत खोट असल्याचा संशय रास्त ठरेल. आता एकच नाणे उडवा व तोच निकाल पाचही जणांनी वहीत लिहा. पाचही वह्यांत छापा असण्याची शक्यता १/२! वह्या पाच, साक्षीदार एकच.

बाजारांचेही तसेच. पावसाचा किंवा परदेशी मागणीचा धक्का पाचही बाजारांना एकदमच बसतो. जुन्या एकत्रित चाचण्या मात्र बाजार परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे धरून चालतात. त्यामुळे ‘एकक मूळ नाही’ असा खोटा निर्वाळा त्या फार वेळा देतात. देशोदेशींच्या चलनांच्या दरांबाबत ओकॉनेल यांनी १९९८ साली हेच दाखवले. पुढे २००७ साली हाशेम पेसारान यांनी उपाय सुचवला: सर्व मालिकांची सरासरी प्रत्येक समीकरणात घेऊन सामाईक धक्का बाजूला काढायचा.

खोट्या निर्वाळ्यावर विसंबून कापूस साठवला, तर वाट पाहूनही भाव परतेलच असे नाही. म्हणून कोणी ‘पाच ठिकाणी हेच आढळले’ असे सांगितले, की आधी विचारा: नाणी पाच होती, की एकच?