पखवाजाचं इंजिनिअरिंग

'ड्रम सर्कल' हा शब्द आता होस्टेलमध्ये नवा राहिलेला नाही. गोल करून बसायचं, प्रत्येकाच्या हातात एक वाद्य, समोर शिक्षक नाही, नोटेशन नाही, आणि सगळ्यांनी मिळून एक ताल धरायचा. यंदाच्या फेस्टिव्हलसाठी जेंबे भाड्याने आणायचे की विकत घ्यायचे, यावर मेसमध्ये जोरात चर्चा चालू आहे. कल्पना छानच आहे. माझं म्हणणं एवढंच, की पैसे भरण्याआधी एकदा शेलू गावातल्या देवळात एकादशीच्या रात्री जाऊन बसा. तिथे जे भजन रंगतं तेही ड्रम सर्कलच आहे, फक्त त्याला तसं कोणी म्हणत नाही.

बुवा पेटीवर गात असतात, एक जण पखवाजावर, कधी जोडीला ढोलकी, आणि बाकी वीस-पंचवीस जणांच्या हातात टाळ. ताल दाखवायला कोणी हात हलवत नाही. मेट्रोनोम तर नाहीच. तरीही अभंग द्रुत लयीत गेला की सगळे टाळ एकाच क्षणी वाजतात. हे जमतं कसं? 'सवयीने' हे उत्तर खरं आहे, पण व्हायवात असं उत्तर दिलं तर सर अर्धेच मार्क देतील. म्हणून मी या प्रश्नाचे तीन भाग केले : वाद्य, ठेका आणि बसण्याची जागा.

१) वाद्य : चामड्यातून स्वर कसा निघतो?

तार छेडली की मूळ फ्रिक्वेन्सीबरोबर तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा फ्रिक्वेन्सीही ऐकू येतात. पूर्णांकांचं हे नातं असल्यामुळे कानाला एक स्वच्छ स्वर मिळतो. गोल ताणलेल्या साध्या पडद्याचं तसं नाही. गणिताच्या तासाला बेसल फंक्शन शिकलो, त्यातून हे गुणोत्तर निघतं : १, १.५९, २.१४, २.३०, २.६५, २.९२. यात पूर्णांक कुठेच नाहीत. म्हणून साधा ढोल 'धडाम्' असा मोठा आवाज देतो, पण त्याचा स्वर कोणता हे सांगता येत नाही.

आता पखवाजाकडे पाहा. लाकडाचं खोड कोरून केलेलं आडवं वाद्य. उजवं तोंड लहान, त्यावर मधोमध काळी गोल शाई. डावं तोंड मोठं, त्यावर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात आणि वाजवून झालं की काढून टाकतात. ही शाई शोभेची नाही. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती बसवतात. घोटताना तिच्यात बारीक भेगा पडतात, म्हणून ती जड असूनही पडद्याबरोबर लवते. कोरडी, एकसंध, कडक चकती चिकटवली असती तर पडदा मुका झाला असता.

मध्यभागी वजन वाढवल्यामुळे पडद्याची सगळी व्हायब्रेशन्स सरकतात, आणि सरकून जवळजवळ पूर्णांकांवर येऊन बसतात : १, २, ३, ४, ५. हे प्रथम शास्त्रीय रीतीने दाखवलं ते सी. व्ही. रामन यांनी. १९२० साली 'नेचर'मध्ये त्यांचं आणि शिवकाली कुमार यांचं छोटं टिपण आलं, आणि १९३४ साली रामन यांनी त्यावर सविस्तर निबंध लिहिला. पडद्यावर बारीक वाळू टाकून, ती कोणत्या रेषांवर गोळा होते हे पाहून त्यांनी कंपनांचे आकार दाखवले. पडद्याचे पहिले नऊ प्रकार मिळून फक्त पाच स्वर देतात. म्हणजे वेगवेगळ्या आकारांची कंपनं एकाच फ्रिक्वेन्सीवर आणली आहेत. ज्या कारागिरांनी हे साधलं त्यांच्याकडे समीकरण नव्हतं. कान होता, घोटायचा दगड होता, आणि चुकलं तर थर खरवडून पुन्हा चढवण्याची तयारी होती. आपल्या भाषेत सांगायचं तर हा पिढ्यान्पिढ्या चाललेला प्रोटोटाइप आहे.

डाव्या बाजूच्या कणकेचं काम आणखी सोपं. वजन वाढलं की फ्रिक्वेन्सी उतरते. कणीक जास्त लावली तर आवाज खाली जातो, थोडी काढली तर वर येतो. ढोलकीत हेच काम डाव्या पुडीला आतून लावलेला मसाला करतो. म्हणजे एकाच वाद्याला दोन अगदी वेगळे आवाज : उजवा स्वच्छ आणि उंच, डावा खोल आणि घुमणारा. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा खेळ त्यावरच आहे.

२) ठेका : आठ मात्रांचा कोड

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'मात्रा' म्हटलं की मला अक्षराच्या डोक्यावरची रेघ आठवायची. तालातली मात्रा म्हणजे एक सारखं माप, घड्याळाच्या ठोक्यासारखं. भजनात आठ मात्रांचे ठेके खूप चालतात. शिकायला सर्वांत सोपा आणि सगळ्यांच्या कानावर असलेला ठेका म्हणजे केरवा :

धा गे ना ति । न क धि न

हे नुसते पाठ करायचे शब्द नाहीत. प्रत्येक अक्षर कोणत्या हाताने काय करायचं ते सांगतं. 'ना' म्हणजे उजवा हात. 'गे' म्हणजे डावा, घुमणारा. 'धा' म्हणजे दोन्ही एकदम. 'क' म्हणजे डावाच, पण तळहात सपाट टाकून आवाज बंद केलेला. म्हणजे बोल हीच प्रोग्रॅमची भाषा, आणि ती तोंडाने म्हणता येते. वाद्य हातात नसलं तरी अभ्यास होतो.

आता गंमत बघा. पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, डावा घुमतो. दुसऱ्या अर्ध्या भागाच्या सुरुवातीला, पाचव्या मात्रेवर, तो गप्प असतो. सहाव्या मात्रेवर येतो तोही बंद. सातव्या मात्रेवरच्या 'धि'ला तो पुन्हा घुमतो, आणि सम जवळ आल्याचं कळतं. या गप्प बसण्याला 'खाली' म्हणतात. टाळ वाजवणारा माणूस आकडे मोजत नाही. डावा आवाज नाहीसा झाला की त्याला कळतं, आपण आवर्तनाच्या मध्यावर आलो. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांना हे लगेच पटेल : डेटा पाठवताना फ्रेम कुठे सुरू होते हे ओळखायला जशी एक खूण घालतात, तशी ही खूण तालातच घातलेली आहे. एखादा मधूनच येऊन बसला तरी एका आवर्तनात तो सगळ्यांबरोबर येऊ शकतो. कंडक्टर लागत नाही, कारण कंडक्टरचं काम आवाजच करतो.

करून बघा. बेंचवर डाव्या तळहाताची टाच आणि उजव्या हाताची तर्जनी. 'धा'ला दोन्ही, 'गे'ला डावा, 'ना'ला उजवा, 'ति'ला उजव्या हाताची सपाट बोटं हलकेच, 'न'ला उजवा, 'क'ला डावा तळहात सपाट, 'धि'ला दोन्ही, शेवटच्या 'न'ला उजवा. आधी मिनिटाला साठ मात्रा, तोंडाने मोठ्याने म्हणत. दहा मिनिटं न चुकता आलं की वेग वाढवा. (लेक्चर चालू असताना नको!)

३) जागा : कोंडाळं लहान का?

हा भाग फेस्टिव्हल कमिटीने जरूर वाचावा. शेलूच्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. म्हणजे साडेतीन मीटरला १० मिलिसेकंद. देवळातलं कोंडाळं साधारण एवढंच असतं, त्यामुळे उशीर जाणवत नाही. पण ३५ मीटर अंतर झालं की १०० मिलिसेकंद जातात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि चौगुनीत एक बोल १२५ चा. म्हणजे दूरचा माणूस कितीही तयारीचा असला तरी जवळजवळ एक बोल मागे पडणार. यात त्याचा काही दोष नाही.

वारीच्या दिंडीत मृदंग वाजवणारा टाळकऱ्यांच्या मध्ये असतो, आणि टाळकरी एकमेकांची पावलंही बघतात. प्रकाशाला उशीर होत नाही! आपल्या क्वाड्रँगलमध्ये साठ जणांचं एकच वर्तुळ केलं, माणशी ८० सेंटीमीटर धरून, तर व्यास १५ मीटर होतो आणि समोरासमोरच्या दोघांत ४० मिलिसेकंदांहून जास्त फरक पडतो. त्याऐवजी एकात एक अशी तीन वर्तुळं करा : आत १२, मग २०, बाहेर २८. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास ७ मीटरच्या आसपास येतो. खोल आवाजाचं वाद्य मध्यभागी ठेवा, मग सगळ्यांत लांबच्यालाही तो १० मिलिसेकंदांत पोचेल.

४) पावसाळा आणि हातोडी

भजनाचा हंगाम आषाढ-श्रावणात, आणि आपल्याकडे तेव्हा माथेरानच्या डोंगरावरून पाऊस नुसता कोसळत असतो. चामडं दमट हवा पितं, सैल होतं आणि स्वर उतरतो. पडद्याची फ्रिक्वेन्सी ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. म्हणून अर्धा स्वर वर चढवायला ताण सुमारे १२ टक्के वाढवावा लागतो, आणि एक सप्तक चढवायचं तर चौपट! त्यासाठी वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने सरकवतात. नटबोल्टच्या ढोलकीला पाना लागतो. मेकॅनिकलवाल्यांना ओळखीची वाटेल अशी गोष्ट म्हणजे, शेजारचे बोल्ट ओळीने आवळत नाहीत. समोरासमोरचे आवळतात, सिलिंडर हेड बसवताना करतात तसंच. नाहीतर पुडी एका बाजूला ओढली जाते आणि स्वर फाटतो.

५) ८.४० ची असो वा कुठलीही, लोकल आपलीच

कर्जत मुंबईपासून रेल्वेने १०० किलोमीटर. शेलू, नेरळ, वांगणी भागातली माणसं कामासाठी रोज जवळजवळ दोन तास जायला आणि तेवढेच यायला गाडीत असतात. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं यातूनच रुजली. डब्यात पखवाज मावत नाही. मग छोटे टाळ आणि डब्याचा पत्रा. पत्र्याला शाई नाही, त्यामुळे स्वर नाही. पण तळहाताची टाच मारली की खोल आवाज आणि बोटं मारली की पातळ आवाज, एवढे दोन मिळतात. ठेक्याचा कोड चालायला तेवढे पुरतात. काही प्रवाशांना या आवाजाचा त्रास होतो हेही खरं, आणि त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे. पण एक वाद्यसुद्धा नसताना ताल टिकतो, हे बघायचं असेल तर यापेक्षा चांगली प्रयोगशाळा नाही.

जेंबे परका म्हणून टाळा, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पश्चिम आफ्रिकेतलं ते मोठं वाद्य आहे. मुंबईत जन्मलेले झाकीर हुसेन (१९५१–२०२४) मिकी हार्ट यांच्या 'प्लॅनेट ड्रम' या १९९१ च्या अल्बममध्ये नायजेरियाचे ओलातुंजी आणि आपल्याच दक्षिणेतले घटम्‌वादक विक्कू विनायकराम यांच्याबरोबर वाजवत होते. प्रत्येकाने आपापल्या घरचा ताल आणला होता. आपण आपल्या सर्कलमध्ये काय घेऊन जाणार, हा खरा प्रश्न आहे.

आणि शेलूकडे देण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त घेणारे हवेत. मंडळातले पखवाज वाजवणारे काका नोकरीला मुंबईकडे जातात. त्यांची गाडी चुकली की पखवाज भिंतीशी खोळीत तसाच राहतो आणि भजन नुसत्या टाळांवर सुरू होतं. मी हे दोनदा पाहिलं. गावातली तरुण मुलंही कामाला बाहेर, रात्री दमून येणारी. इकडे आपण तीनशे-चारशे जण, दहा मिनिटांच्या अंतरावर, संध्याकाळी काय करावं हे न सुचून मोबाईल बघत बसलेले. चार वर्षं एका गावचं पाणी पितो आणि किराणा दुकानदाराशिवाय तिथलं कोणी आपल्याला ओळखत नाही, हे मला बरं वाटत नाही.

तेव्हा येत्या एकादशीला या. चपला बाहेर काढा, मागच्या रांगेत बसा, पहिल्या दिवशी फक्त टाळी धरा. दुसऱ्या वेळी टाळ मागा, कोणी नाही म्हणत नाही. पखवाजाला हात लावायचा तर बुवांना विचारून. मुलींसाठी वेगळं सांगते : दुपारी महिला मंडळाचं भजन असतं आणि तिथे ढोलकी मावशीच वाजवतात, शिकवतातही. पखवाजावर बसलेली मुलगी मात्र मी शेलूत अजून पाहिलेली नाही. माझा केरवा बेंचवर पक्का झालाय. कणीक मळायला मेसमधून पीठ मिळेल का, एवढंच आता रेक्टर मॅडमना विचारायचं आहे!