फळ्यांची फरशी टाकण्यापूर्वी खालचा वाफसा पाहा



उसाचे बिल हाती पडले की आपल्याकडे दोन कामे निघतात, एक लग्नाचे आणि दुसरे घराचे. बहुतेक वेळा ती एकत्रच निघतात. घराच्या कामात अलीकडे एक नवा माल शिरला आहे, तो म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्यांची फरशी. दुकानदार तिला लॅमिनेट म्हणतात. फोडाफोड नाही, वाळू-सिमेंट नाही, दोन दिवसांत खोली तयार, असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण ही फरशी आपल्या भागात टिकते का, असे पुष्कळ सभासद विचारतात. लोणी भापकरला आमच्या घरात ही फरशी आम्ही दोनदा टाकली. पहिली सहा महिन्यांत उचलून टाकावी लागली, दुसरी आजही जागेवर आहे. दोन्ही वेळचा हिशेब येथे मांडत आहोत.

आमचे घर रानातल्या वस्तीवर आहे. मागच्या भिंतीपासून दहा-बारा हातांवर उसाचा फड आणि भिंतीला समांतर पाण्याचा दंड. खालच्या खोलीत वडिलांच्या वेळची शहाबादी फरशी होती. घरात लग्न ठरले म्हणून वैशाखात त्याच फरशीवर फळ्या अंथरल्या. खाली नुसता फोमचा पातळ थर टाकला. प्लॅस्टिकचा कागद लागेल का असे विचारले, तर “दगडावर कागद कशाला?” असे उत्तर मिळाले, आणि आम्हीही दोन पैसे वाचले म्हणून गप्प बसलो. आमच्या मातोश्री मात्र तेव्हाच म्हणाल्या होत्या, “खाली वल हाय, वर लाकूड कसं टिकंल?” लग्नात पाहुण्यांनी फरशीचे कौतुक केले. आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस झाला आणि खोलीच्या मधोमध फळ्या उचलल्या. श्रावणात तर सरी-वरंबा पाडल्यासारखे दिसू लागले. दिवाळीच्या आत उकलून पाहिले तेव्हा फोमखाली काळी बुरशी होती आणि शहाबादीचे सांधे हाताला ओले लागत होते.

हे असे का झाले, ते माल कशाचा आहे हे कळल्याशिवाय समजणार नाही. फळी अखंड लाकडाची नसते. लाकडाचा बारीक तंतू करून, त्यात रेझिन मिसळून, उष्णता आणि दाबाखाली त्याचा घट्ट पत्रा करतात. त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर झिजेला टिकणारा पारदर्शक थर बसवतात. आपल्या कारखान्यातल्या बगॅसपासून जसे बोर्ड करता येतात, त्याच जातीतली ही वस्तू. वरून पाणी सांडले तर वरचा थर ते काही वेळ अडवतो, पण खालून आणि कडेने ओल गेली की तंतू फुगतो. एकदा फुगलेली कड पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. शहाबादी, कडप्पा, कोटा हा दगड आहे, तो ओल घेतो आणि सोडतो, फुगत नाही. आमच्या गावच्या मल्लिकार्जुनाच्या देवळातला दगड शेकडो वर्षे पाणी अंगावर घेत आला आहे. त्या दगडाचा नियम या फळीला लावला, ही आमची पहिली चूक.

हा माल मूळचा थंड मुलखातला. स्वीडनच्या पेरस्टॉर्प कंपनीत १९७७ साली ही कल्पना निघाली आणि १९८० नंतरच्या दशकात युरोपात विक्री सुरू झाली. तेव्हा फळ्या सरसाने जोडत. एकमेकींत अडकून बसणाऱ्या फळ्या १९९६-९७ च्या सुमारास आल्या. या फरशीला तरंगती म्हणतात, कारण ती खाली खिळ्याने वा सिमेंटने कशालाच जखडलेली नसते. फळ्या फक्त एकमेकींना धरतात, आणि सगळी मिळून एक चटई जमिनीवर नुसती पडून असते. हवेतल्या दमटपणाने ही चटई लांबी-रुंदीला थोडी वाढते, कोरड्या हवेत आकसते. म्हणजे तिला दोन गोष्टी हव्यात : खालून कोरडेपणा आणि कडेला हालायला जागा. आम्ही पहिल्या वेळी एकही दिली नव्हती. एका बाजूने फळ्या भिंतीला भिडवून ठोकल्या होत्या.

आता ओल कशी ओळखावी? आपण रान नांगरताना वाफसा पाहतो, घरातही तसाच पाहायचा. हातभर लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद घ्यावा, फरशीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवावा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची जागा काळपट पडली असेल तर तेथे फळी टाकू नये. खोलीत दोन-तीन ठिकाणी, विशेषतः मोरीच्या आणि शेताच्या बाजूच्या भिंतीजवळ, ही परीक्षा करावी. एक सूचना मात्र पदरमोड करून शिकलो आहोत : ही परीक्षा उन्हाळ्यात घेऊन समाधान मानू नका. भर पावसाळ्यात किंवा शेजारच्या फडाला पाणी चालू असताना घ्या. वैशाखात आमचीही फरशी खडखडीत कोरडी होती.

जागेजागेत फरक असतो. मोरगाव, सुपे, आमचे लोणी भापकर या बाजूला मुरमाड टेकाडावरची जोती बहुधा कोरडी असतात. नीरा डाव्या कालव्याखालच्या काळ्या रानात मात्र पाणी वर असते. ज्या जमिनी चोपण झाल्या त्यांच्या कडेच्या घरांना भिंतीच्या खालच्या हातभर भागात लोणा लागून गिलावा सुटलेला आपण पाहतोच. अशा घराच्या तळमजल्यावर ही फळी टाकणे म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा कोबाही हलतो. नवे घर बांधणाऱ्याने जोत्यातली काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने धुमसाने ठोकावा, वाळवीचे औषध द्यावे, आणि मगच काँक्रीट करावे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर फळी थेट टाकण्याचा तर विचारच नको. नवा कोबा दिसायला आठवड्यात सुकतो, पण आत सुकायला इंचामागे महिना धरावा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

दुसऱ्या वेळी आम्ही माडीवरची खोली निवडली. खाली स्लॅब, मातीचा संबंध नाही. तरी कागद टाकलाच. मल्चिंगचा कागद २५-३० मायक्रॉनचा, शेततळ्याचा ५०० चा, हे आपल्याला ठाऊक आहे. येथे २०० मायक्रॉनचा पुरतो. दोन पट्ट्या एकमेकींवर वीतभर चढवून चिकटपट्टी लावावी आणि कागद भिंतीवर दोन बोटे चढता ठेवावा. शेततळ्याचा उरलेला कागद खपवण्याचा मोह आम्हाला झाला होता, पण तो जाड असल्याने त्याच्या घड्या फळीखाली उंचवटा धरतात.

त्याआधी पातळी. साडेसहा फुटांची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी चारही दिशांनी फिरवून पाहावी. पट्टीखाली एका सुतापेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटा घासावा आणि खड्डा भरून घ्यावा. उतार थोडा असला तरी चालतो, खड्डा चालत नाही, कारण पाय पडला की फळी दबते आणि सांधा कटकट वाजू लागतो. वर्षभरात तो सांधा तुटतो. फोम हा खड्डे भरण्यासाठी नसतो. जाड फोम घालून काम उरकणारे कारागीर भेटतात, त्यांना थांबवावे.

माल किती लागेल ते पाहू. आमची माडीवरची खोली साडेनऊ फूट रुंद आणि १२ फूट लांब, म्हणजे ११४ चौरस फूट. कापाकापीसाठी दहावा हिस्सा जास्त धरला तर सुमारे १२६. आमची फळी ४ फूट लांब व साडेसात इंच रुंद होती, खोक्यात ८ फळ्या, म्हणजे २० चौरस फूट. सात खोकी घेतली. घेताना खोक्यावर झिजेचा दर्जा पाहावा. घरच्या वापराला ए-सी-३ पुरतो, वावर जास्त असेल तर ए-सी-४ घ्यावा. वासाचा त्रास नको असेल तर फॉर्माल्डिहाइडचा ई-१ हा शिक्काही पाहावा. खोकी आणल्यावर ज्या खोलीत टाकायची तेथेच, न उघडता, आडवी ४८ तास ठेवावीत. बाहेरून आलेल्या फळीला घरच्या हवेची सवय होऊ द्यावी.

रांगांचा हिशेब आधी कागदावर करावा. दोन्ही भिंतींना तीन-तीन सुते जागा सोडली की आमच्याकडे ११३ इंच २ सुते उरत होती. साडेसात इंचांच्या १५ रांगांना ११२ इंच ४ सुते लागतात, म्हणजे शेवटी पाऊण इंचाची चिंधी उरली असती. एवढी बारीक पट्टी टिकत नाही, शेवटची रांग निदान दोन इंचांची हवी. म्हणून पहिली रांगच कापून चार इंच एक सुताची केली, तेव्हा शेवटचीही तेवढीच आली. हे गणित घरच्या नववीतल्या मुलाने केले, कारागिराने नव्हे.

टाकणी सोपी आहे. खिडकीकडून उजेड ज्या दिशेने येतो त्या दिशेने फळी लांब टाकावी. पहिल्या रांगेची जीभ भिंतीच्या बाजूने असेल तर ती कापावी आणि भिंत व फळी यांमध्ये तीन सुतांच्या पाचरी ठेवाव्यात. पुढची फळी थोडी तिरपी धरून खाचेत घालायची व खाली दाबायची. ठोकायची वेळ आली तर मध्ये लाकडी ठोकळा धरावा, हातोडी फळीच्या कडेवर पडू देऊ नये. विटांच्या बांधकामात सांधे मोडतो तसे येथेही मोडावेत, शेजारच्या रांगेतील सांध्यांत निदान फुटाचे अंतर हवे. मागच्या रांगेचा कापलेला तुकडा फूटभर असेल तर त्यानेच पुढची रांग सुरू करावी, नासाडी कमी होते. दाराच्या चौकटीभोवती फळी कोरत बसण्यापेक्षा चौकटीचाच तळ फळीच्या जाडीएवढा कापून फळी खाली सरकवावी. पाचरी शेवटी आठवणीने काढाव्यात. कडेची पट्टी भिंतीला ठोकावी, फरशीला नव्हे. नाहीतर सोडलेली जागा असून नसल्यासारखी.

कोणत्या खोलीत टाकू नये? मोरी, स्वयंपाकघर, ओसरी. देवघरातही नको, तेथे अभिषेकाचे पाणी आणि समईचे तेल रोज सांडते. धान्याच्या कोठ्या किंवा पोत्यांची थप्पी दोन बाजूंना लावली तर फरशी तेथे जखडते आणि मध्ये उचलते. तळमजल्यावर असेच दिसणारे काही हवेच असेल तर चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाची, एस-पी-सी नावाची फळी मिळते. ती ओलीने फुगत नाही आणि टाकायची रीतही हीच. मात्र पातळी तिलाही लागते, आणि खालची ओल तिने जात नाही, फक्त झाकली जाते. आम्ही आमच्या खालच्या खोलीत ती टाकली नाही. दंड भिंतीपासून लांब नेला, पाइप टाकला आणि शहाबादी घासून परत वापरात आणली.

रोजची निगा घरातल्या बायकांशी बोलून ठरवावी, कारण फरशी पुसणार त्या. बादलीभर पाण्याने पुसणे येथे चालत नाही, फडके घट्ट पिळून फिरवायचे. आमच्या घरी ही गोष्ट कोणालाच पसंत पडली नाही. “धुता येत नाही ती कसली फरशी,” असे अजूनही ऐकावे लागते. रानातून आलेल्या पायांची खडी वरचा थर ओरखडते, म्हणून जिन्याखाली पायपुसणे आणि चपलांची जागा केली आहे. उरलेल्या चार फळ्या माळ्यावर आडव्या ठेवल्या आहेत. पुढे एखादी बदलायची झाली तर त्याच रंगाची फळी बाजारात मिळेलच असे नाही.