खिळे जुळवून एक पान छापायचे तर

हातकणंगल्याहून रेल्वेने मिरज जवळच. तिथे १८०५ साली गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापवून घेतली. अशा मुलखात एखाद्या बंद छापखान्यात ट्रेडल (पायाने चालवायचे छपाईयंत्र) नि खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांच्या, केसा पडून असतील, तर त्या भंगारात जाण्याआधी त्यांवर एक पान तरी छापाच. दहा ओळींचे आमंत्रण पुरे.

आधी खिळे तपासा. उंची साधारण ०.९१८ इंच. एखादा झिजून बुटका झाला असेल, तर तिथे अक्षर फिके उठते. तो बाजूला काढा. जावजी दादाजींनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि निर्णयसागर छापखाना त्यानंतर, १८६९ मध्ये. आधी खिळे, मग छपाई: मला हाच क्रम योग्य वाटतो.

स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, डाव्या हातात धरा. खिळ्याची खाच वर ठेवून डावीकडून उजवीकडे जुळवत जा. अक्षरे डोक्यावर उभी दिसतील, तशीच वाचायची सवय करा. डिग्री टाइप असेल तर खरी कसोटी इथे आहे. मात्रा, रफार, अनुस्वार यांचे बारीक खिळे अक्षराच्या वर बसतात, उकार खाली. जिथे काही नसेल तिथे कोरा तुकडा घालायलाच हवा, नाहीतर मात्रा सरकून भलत्याच अक्षरावर जाते. शेवटी शब्दांमधली जागा कमी-जास्त करून ओळ घट्ट करा, आणि दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी घाला.

जुळलेला मजकूर गॅलीवर (सपाट तबकावर) उतरवून सुतळीने बांधा. मग चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) ठेवून भोवती लाकडी पट्ट्या लावून आवळा. फर्मा किंचित उचलून बघा. एकही खिळा हलता कामा नये.

शाई अगदी थोडी घ्या. जास्त झाली की घ, म यांची पोटे भरतात. प्रूफ काढून दुसऱ्याकडून वाचून घ्या, कारण जुळवणाऱ्याच्या डोळ्याला त्याची स्वतःची चूक सहसा दिसत नाही. दुरुस्तीनंतर छपाई.

वेस्टमिन्स्टरला १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने छापखाना थाटला, तेव्हाही मूळ काम हेच होते. फक्त दाबयंत्र लाकडी, शाई लावायला कातडी गोळे, आणि कागद आधी ओलसर करून घेत.

छापून झाल्यावर रॉकेलने खिळे पुसा आणि प्रत्येक खिळा ज्याच्या त्याच्या घरात परत टाका. हे काम उद्यावर ढकलू नका. मिसळलेली केस निवडण्यात दिवस जातो. खिळ्यांत शिसे असते, म्हणून जेवणाआधी हात साबणाने स्वच्छ धुवा.