घरबसल्या विक्री आणि ग्राहकाची पारख

सोलापूर हे विणकरांचे आणि गिरणी कामगारांचे शहर होय. येथील जुन्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तरी यंत्रमागाचा आवाज पूर्णपणे थांबला नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि त्यांचे नाव देशभर आहे. पूर्वी हा माल चाटी गल्लीतील दुकानांतून किंवा जानेवारीत भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतून विकला जाई. आज आपल्या वस्तीतील अनेक भगिनी चादरी, टॉवेल, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांचे फोटो मोबाईलवर टाकून परगावी विक्री करतात. तरुण मुले घरातील जुनी दुचाकी, शिलाई मशीन किंवा कपाट ओएलएक्सवर अथवा फेसबुकच्या मार्केटप्लेसवर विकतात. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. दुकानाचे भाडे नाही, पागडी नाही आणि मध्ये दलालही नाही. स्वकष्टावर उभे राहू पाहणाऱ्या कुटुंबाला याहून सोपी सुरुवात क्वचितच मिळेल.

परंतु या नव्या बाजारात विक्रेत्यालाच लुबाडणारे ग्राहकही आले आहेत. फसवणूक म्हटली की खराब माल देणारा दुकानदार आपल्या डोळ्यांसमोर येतो. ग्राहकाचे सोंग घेऊन विकणाऱ्याचे खाते रिकामे करणारा माणूस सहसा आपल्या ध्यानात येत नाही. म्हणून संशयास्पद वाटणाऱ्या ग्राहकाशी कसे वागावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

एका चुकीची किंमत

प्रथम हिशेब पाहू. समजा, एखाद्या भगिनीने बचत गटातून कर्ज काढून प्रत्येकी ६०० रुपयांना चादरी आणल्या आणि त्या ७०० रुपयांना विकल्या. एका चादरीमागे तिला १०० रुपये सुटतात. एखाद्या भामट्याने तिच्या खात्यातून २०,००० रुपये काढून घेतले, तर ती तूट भरून काढण्यासाठी तिला २०० चादरी विकाव्या लागतील. कर्जाचा हप्ता मात्र थांबणार नाही. मोठ्या व्यापाऱ्याला जी ठेच वाटेल, तीच लहान विक्रेत्याचा धंदा कायमचा बंद पाडू शकते. त्याहून वाईट म्हणजे ‘बाईला व्यवहार कळत नाही’ असे घरातले म्हणू लागतात आणि तिचे पुढे टाकलेले पाऊल मागे येते. म्हणून हा विषय केवळ पैशाचा राहत नाही.

फसवणुकीच्या चार रीती

भामट्यांची नावे रोज बदलतात, परंतु रीती फारशा बदलत नाहीत. त्या ओळखल्या तर निम्मे काम झाले.

१) पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठविणे. ग्राहक घासाघीस न करता सांगितलेली किंमत मान्य करतो. मी लष्करात आहे, माझी बदली झाली आहे, माल न्यायला माणूस येईल, असे तो सांगतो आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवितो. मग एक क्यूआर कोड पाठवून म्हणतो, “हा स्कॅन करा, म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील.” कधी आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवून तो विश्वास मिळवितो. येथे एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. यूपीआयची सोय २०१६ साली सुरू झाली तेव्हापासून पिन हा पैसे देण्यासाठी आहे, घेण्यासाठी नाही. पैसे घेण्यासाठी ना पिन लागतो, ना समोरच्याने पाठविलेला कोड स्कॅन करावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. पूर्वी ‘पैसे मागण्याची विनंती’ पाठवूनही अशी फसवणूक होत असे. व्यक्ती-व्यक्तींमधील ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. क्यूआर कोडचा धोका मात्र कायम आहे.

२) खोटी पावती. पैसे भरल्याचा हुबेहूब फोटो येतो किंवा बँकेच्या संदेशासारखा दिसणारा एसएमएस येतो. कधी ७०० ऐवजी ७,००० रुपये जमा झाल्याचे दाखवून ग्राहक रडकुंडीला येतो आणि म्हणतो, “ताई, चुकून जास्त गेले, दवाखान्याचे पैसे होते, लगेच परत पाठवा.” खात्यात मुळात काहीच आलेले नसते.

३) चोरीचा पैसा. ही रीत कमी लोकांना माहीत आहे. भामटा दुसऱ्याच कोणाला तरी फसवून त्याचे पैसे आपल्या खात्यात मालाची किंमत म्हणून पाठवितो. पैसे खरे असतात, माल जातो आणि काही दिवसांनी फसलेल्या माणसाच्या तक्रारीवरून पोलीस व बँका त्या पैशाचा माग काढीत आपल्या खात्यापर्यंत येतात. खात्यातील रक्कम गोठविली जाते. आपण निर्दोष असलो तरी ते कागदाने दाखवावे लागते.

४) परतीचा माल. मीशो, फ्लिपकार्ट, अ‍ॅमेझॉन यांच्यामार्फत विक्री केल्यास पैसे कंपनी गोळा करते, त्यामुळे वरील धोके कमी होतात. तेथे दुसरी अडचण येते. नवी चादर ठेवून घेऊन जुनी, फाटकी चादर ‘पसंत नाही’ म्हणून परत पाठविणारे ग्राहक असतात. पूर्वी पोस्टाने व्ही.पी. पाठविणाऱ्यांना पार्सल न सोडवता परत येण्याचा अनुभव होताच. आता परत आलेल्या पार्सलमध्ये काय आहे, हेही पाहावे लागते.

याशिवाय ‘ऑर्डरची यादी’ म्हणून एपीके फाईल पाठविणे किंवा ‘पैसे येण्यात अडचण आहे, मी मदत करतो’ असे सांगून एनीडेस्कसारखे अ‍ॅप घ्यायला लावणे हेही प्रकार आहेत. अशा अ‍ॅपमुळे आपल्या मोबाईलचा पडदा भामट्याला दिसतो. तेव्हा अनोळखी माणसाची फाईल उघडू नये आणि त्याच्या सांगण्यावरून कोणतेही अ‍ॅप घेऊ नये.

हे काम एकट्यादुकट्या चोराचे नाही. एप्रिल २०२३ च्या अखेरीस हरयाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातील १४ गावांत सुमारे ५,००० पोलिसांसह एकाच वेळी छापे घातले होते. दूरच्या खेड्यात बसलेल्या टोळ्या देशभरच्या लोकांना फोनवरून लुबाडतात. आपण फसलो तर ते आपल्या अडाणीपणामुळेच, असे म्हणून कोणी स्वतःला कमी लेखू नये. समोर तरबेज टोळी असते.

संशय कशाचा घ्यावा?

येथे एका महत्त्वाच्या मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. फसवणुकीच्या बातम्या वाचून काही विक्रेते ग्राहकाचे आडनाव, त्याचा धर्म, बोलण्याची ढब किंवा प्रांत पाहून माल द्यायचा की नाही ते ठरवितात. आडनाव ऐकून माणूस तोलण्याची ही रीत आपल्या समाजाला नवी नाही. खोली भाड्याने मागताना, नोकरीसाठी उभे राहताना आपल्या वाडवडिलांनी ती सोसली आहे. जी वागणूक आपल्याला नको होती, ती आपण दुसऱ्याला देणे योग्य नव्हे.

शिवाय ही रीत निरुपयोगी आहे. भामटा कधीही संशय येईल असे नाव घेत नाही. ज्याच्याविषयी आदर वाटतो, त्याचेच तो सोंग घेतो. लष्करी गणवेशाचा फोटो तो याचसाठी पाठवितो. उलट खरा ग्राहक पुष्कळदा विचित्र वाटतो. सोलापुरातच मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी माणसे शेजारी राहतात. दूरच्या ग्राहकाची भाषा तुटक असू शकते. तो दहा प्रश्न विचारतो, घासाघीस करतो, मुलाच्या मोबाईलवरून पैसे देतो. एवढ्याने तो लबाड ठरत नाही. केवळ ऐकीव गोष्टीवर किंवा सांगणाऱ्याच्या मोठेपणावर विसंबू नये, हे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते. बाजारातही ते तितकेच लागू पडते.

तेव्हा माणसाला चांगला किंवा वाईट ठरवीत बसण्यापेक्षा व्यवहार तपासावा. व्यवहारातील धोक्याच्या खुणा स्पष्ट असतात. माल न पाहता, काही न विचारता मोठी खरेदी. पैसे देण्याची उलटी रीत. ‘आत्ताच्या आत्ता करा’ अशी घाई. पैसे एकाच्या नावावरून आणि माल दुसऱ्याच्या पत्त्यावर. जास्त पैसे येणे आणि ते परत मागणे. यांपैकी एकही खूण दिसली की थांबावे, मग ग्राहक कोणीही असो. यांपैकी काहीच नसेल, तर ग्राहक कोणीही असो, त्याला सन्मानाने माल द्यावा.

सर्वांसाठी एकच नियम

पूर्वी दुकानदार चांदीचा रुपया वाजवून घेत असत. प्रत्येकाचाच रुपया वाजविला जाई, म्हणून त्यात कोणाला अपमान वाटत नसे. तसेच काही नियम आपण ठरवून घ्यावेत आणि ते ओळखीच्या व अनोळखी, सर्व ग्राहकांना सारखे लावावेत.

अ) क्यूआर कोड किंवा यूपीआय क्रमांक आपण द्यावा, ग्राहकाचा घेऊ नये. ओटीपी व पिन कोणालाही सांगू नये.

आ) ग्राहकाने पाठविलेला फोटो किंवा एसएमएस म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात रक्कम जमा दिसेपर्यंत माल बाहेर काढू नये.

इ) मोठ्या मागणीवर विसार घ्यावा. शंभर चादरी मागणारा खरा व्यापारी विसाराला नाही म्हणणार नाही. तो माल पाहू इच्छील, नमुना मागेल. उलट ‘आमच्या नियमानुसार आधी तुम्ही पैसे पाठवा’ असे जो म्हणेल, त्याला नमस्कार करावा.

ई) पैसे पाठविणारा आणि माल घेणारा वेगळा असेल तर कारण विचारून ते लेखी घ्यावे. समाधान झाले नाही तर नम्रपणे नकार द्यावा.

उ) प्रत्येक विक्रीचे बिल करावे. संदेश, पत्ता, कुरिअरची पावती जपून ठेवावी. खात्याविषयी चौकशी झाली तर हाच आपला पुरावा.

ऊ) जास्त पैसे खरोखरच आले असतील तर ते ठेवून घेणे अयोग्य आहे. परंतु फोनवरच्या माणसाने सांगितलेल्या क्रमांकावर ते पाठवू नयेत. आपल्या बँकेला लेखी कळवावे आणि बँकेमार्फतच ते परत जाऊ द्यावेत.

ए) कंपनीमार्फत विक्री करताना माल बांधतानाचा आणि परत आलेले पार्सल उघडतानाचा व्हिडिओ न थांबवता काढावा. त्यात पत्त्याची चिठ्ठी स्पष्ट दिसावी. बदललेला माल आल्यास कंपनीने दिलेल्या मुदतीत तक्रार करावी.

ऐ) घरातील जुनी वस्तू विकताना ग्राहकास दिवसा आणि घरात दुसरे कोणी असताना बोलवावे. दुचाकी नुसत्या शब्दावर फिरवायला देऊ नये.

नकार देतानाही भाषा गोड असावी. “दादा, पैसे बँकेत दिसले की माल लगेच निघेल, आमचा सर्वांसाठी हाच नियम आहे,” एवढे पुरे. खरा ग्राहक थांबतो. भामटा रागावतो, धमकी देतो किंवा फोन बंद करतो. त्याच्या रागाला घाबरण्याचे कारण नाही.

फसवणूक झालीच तर

सर्वप्रथम वेळ दवडू नये. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. तसेच केंद्र सरकारच्या ‘सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलविले जातात. ते काढून घेण्यापूर्वी बँकेला कळले तर रोखता येतात. म्हणून पहिला तास मोलाचा. सोबत आपल्या बँकेलाही कळवावे आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ, भामट्याचा फोन नंबर लिहून ठेवावा. संदेश पुसून टाकू नयेत.

त्यानंतर पोलीस ठाण्यात जावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचे कारण सांगून परत पाठविता येत नाही. ज्याला आपण ‘चारशेवीस’ म्हणत आलो, ते फसवणुकीचे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८ झाले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे संगणक वा मोबाईल वापरून, दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणखी एक सावधगिरी सांगतो. एकदा फसलेल्या माणसाला ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा’ असा फोन येऊ शकतो. तोही सापळाच असतो. पैसे मिळवून देण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

समारोप

‘विश्वास पानिपतात मेला’ अशी म्हण आपल्याकडे आहे. परंतु विश्वासाशिवाय बाजार चालत नाही. ज्या ग्राहकाने आपली चादर कधी हातात घेऊन पाहिली नाही, तोही आपल्यावर विश्वास ठेवूनच पैसे पाठवीत असतो. तेव्हा घाबरून मोबाईल बाजूला ठेवणे हा मार्ग नव्हे. नियम ठरवावेत, ते पाळावेत आणि इतरांना शिकवावेत. बचत गटाच्या बैठकीत, विहारातील रविवारच्या वर्गात यासाठी अर्धा तास काढावा. ज्यांना फसवणुकीचा अनुभव आला आहे, त्यांना हसू नये. त्यांना बोलते करावे, कारण एकीने सांगितलेली हकीकत दहा जणींचे पैसे वाचविते. लबाड व्यवहाराला ठाम नकार आणि प्रामाणिक ग्राहकाला, तो कोणत्याही जातीधर्माचा असो, खरा माल व गोड शब्द, या दोन्ही गोष्टी आपल्या लहान विक्रेत्यांनी सांभाळाव्यात, अशी आमची नम्र विनंती आहे.