ऊन लागणें म्हणजे काय ?

उन्हाळ्याच्या सुटींत मुंबईहून आपल्याकडे येणारा पाहुणा बहुधा पहिल्याच दिवशीं म्हणतो, ‘‘तुमच्या नगरांत ऊन फार, पण घाम मात्र येत नाहीं !’’ हें ऐकून आपणांसही बरें वाटतें. परंतु हें म्हणणें अर्धेंच खरें आहे, आणि उरलेल्या अर्ध्यांत धोका आहे. नगरांतही घाम येतो व पुष्कळ येतो; मात्र तो दिसत नाहीं. तो कां दिसत नाहीं, व न दिसल्यामुळें काय होतें, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून द्यावें, असा या लेखाचा हेतु आहे. (आपल्या जिल्ह्यास अहिल्यानगर हें नांव इ. स. २०२४ मध्यें मिळालें. तथापि बोलण्यांतील ‘नगर’ हें लहान नांवच आम्ही येथें योजिलें आहे.)

प्रथम घरांतील माठाकडे पाहूं. मातीच्या भांड्यास अतिसूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगास येतें व तेथें त्याची वाफ होते. वाफ होण्यास उष्णता लागते. ती माठांतील पाण्यांतून घेतली जाते, म्हणून पाणी गार होतें. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ होण्यास ५४० कॅलरी लागतात हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच; अंगावरील घामासाठीं हा आंकडा थोडा अधिक, म्हणजे सुमारें ५८० इतका असतो. आपलें शरीरही असाच एक माठ आहे. शरीराच्या आंतील उष्णता ३७ अंश सेंटिग्रेडच्या आसपास राहिली पाहिजे. हवा थंड असते तेव्हां जादा उष्णता सहज बाहेर जाते. पण हवा कातडीहूनही अधिक तापली म्हणजे तो मार्ग बंद होतो, किंबहुना उष्णता उलट आंत येऊं लागते. मग एकटा घाम काय तो उपाय उरतो. आणि घाम नुसता येऊन भागत नाहीं, तो वाळला पाहिजे.

ज्यांस हें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं शिक्षकांच्या देखरेखीखालीं दोन तापमापक सावलींत शेजारीं शेजारीं टांगावे. एकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळावें व दोहोंस वारा घालावा. नगरच्या कोरड्या दुपारीं ओला तापमापक कोरड्याच्या खालीं १५ ते २० अंशांपर्यंत उतरूं शकतो. हाच प्रयोग कोंकणच्या किनाऱ्यावर दमट हवेंत केला तर अंतर बहुधा पांच-सात अंशांचेंच पडतें. म्हणूनच आपल्याकडील माठाचें पाणी दांतांस झोंबतें व किनाऱ्यावरच्या माठाचें तसें झोंबत नाहीं. ओला तापमापक ३५ अंशांवर गेला, तर सावलींत स्वस्थ बसलेल्या धडधाकट माणसाचें शरीरही कांहीं तासांपलीकडे टिकाव धरणार नाहीं, असें शास्त्रज्ञ मानितात. कष्ट करणाराची आणि वृद्धाची मर्यादा त्याच्या पुष्कळ खालीं आहे.

कोरड्या तापमापकाचा आंकडा एकटा पाहून भागत नाहीं, याचा अति दुःखद दाखला आपल्या राज्यांतच आहे. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघर येथें महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा समारंभ झाला. लाखों लोक उघड्या मैदानावर कित्येक तास बसले होते. त्या दिवशींचें तापमान सुमारें ३८ अंश होतें. नगरकर ज्याला ‘आज बरें आहे’ म्हणेल इतकेंच. तरी उष्माघातानें चौदा माणसें दगावलीं. दमट हवा, दाट गर्दी, डोक्यावर छाया नाहीं, अशा स्थितींत घाम वाळत नाहीं व ३८ अंशही प्राणघातक होतात.

आतां आपल्या बाजूचा धोका पाहूं. सह्याद्रि पावसाळी ढगांस पश्चिमेकडेच रिकामे करितो. अकोले तालुक्याचा डोंगरी भाग सोडला, तर बाकीचा जिल्हा बहुतेक पर्जन्यछायेंत पडतो. समुद्र दूर, जमीन उघडी, त्यामुळें एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गांठतो व ओलांडतो. भारतीय हवामान खातें मैदानी प्रदेशांत ‘उष्णतेची लाट’ केव्हां मानतें ? पारा निदान ४० अंशांवर असून नेहमींच्या सरासरीहून साडेचार अंश किंवा अधिक चढलेला असेल तेव्हां; अथवा तो सरळ ४५ वर गेला असेल तेव्हां. अशा कोरड्या हवेंत घाम कातडीवर येतांच उडून जातो. अंग कोरडें, सदरा कोरडा. म्हणून मनुष्य समजतो कीं आपलें कांहीं खर्च झालें नाहीं. वस्तुतः उन्हांत श्रम करणाऱ्याच्या शरीरांतून तासाला एक लिटर, कधीं त्याहूनही जास्त पाणी जातें. साक्ष पाहिजे असेल तर ऊस तोडून परतणाऱ्या मजुराच्या पाठीवरील सदरा पाहावा. त्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेले असतात. पाणी उडालें, मीठ मागें राहिलें.

तहान हा याचा खरा मापक नव्हे. ती उशिरा लागते. त्याहून विश्वासू खूण म्हणजे लघवी. ती थोडी व गडद पिवळी होऊं लागली कीं शरीरांतील पाणी आटूं लागलें असें समजावें. याविषयीं मुलें लाजतात. मातांनीं विचारण्यास लाजूं नये.

पाणी आटलें म्हणजे रक्त कमी पडतें. तेंच रक्त कातडीस थंडाव्यासाठीं, स्नायूंस कामासाठीं व मेंदूस सदैव पाहिजे असतें. मग डोकें दुखतें, भोंवळ येते, मळमळतें, पोटऱ्यांत गोळे येतात. ही पहिली पायरी होय. येथें छाया, विसांवा व मीठ-साखरेचें पाणी मिळालें कीं बहुधा माणूस सावरतो. दुसरी पायरी भयंकर आहे. आंतील उष्णता ४० अंशांवर जाते आणि मेंदू बिघडतो. मनुष्य असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, त्यास झटके येतात किंवा तो बेशुद्ध पडतो. ‘घाम थांबला तरच उष्माघात’ अशी समजूत रूढ आहे, ती खरी नाहीं. काम करतांना ऊन लागलेल्याचें अंग ओलेंही असूं शकतें. बोलण्यांत भ्रम दिसला कीं तो उष्माघातच समजावा.

अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पण ती येईपर्यंत हात जोडून बसूं नये. रोग्यास छायेंत न्यावें, कपडे सैल करावे, सर्वांगावर पाणी ओतावें व पंख्यानें, टॉवेलानें, कशानेंही जोराचा वारा घालावा. बर्फ मिळाल्यास मानेस, काखेंत व जांघेंत ठेवावें. शुद्धीवर नसणाऱ्याच्या तोंडांत पाणी मुळींच घालूं नये. तें श्वासनलिकेंत जातें. येथें तापावरच्या गोळ्यांचा उपयोग नाहीं, कारण हा ताप रोगाचा नव्हे.

कांद्याविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून नगरच्या वाचकाचें समाधान होणार नाहीं. खिशांत कांदा ठेविला म्हणजे ऊन लागत नाहीं, असें आपल्याकडे सांगतात. कांदा भाकरीबरोबर खाण्यास उत्तम आहे. पण खिशांतला कांदा फक्त खिसा सांभाळतो! त्यापेक्षां मीठ घातलेलें ताक व कैरीचें पन्हें यांत खरा अर्थ आहे, कारण घामाबरोबर गेलेलें पाणी व मीठ दोन्ही त्यांतून परत मिळतात. अशक्तपणा आल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट द्यावें. चमचा चहाचाच घ्यावा. मिठाचें प्रमाण वाढवूं नये. वाढलेलें मीठ लहान मुलास अपाय करितें. चहा पाण्याची जागा भरून काढीत नाहीं, हें आम्ही चहाचे भक्त असूनही लिहितों.

रामनवमीस शिर्डीकडे मुंबईहून पायीं पालख्या येतात. ३१ मे रोजीं, अहिल्यादेवींच्या जयंतीस, जामखेड तालुक्यांतील चोंडी येथें लोक जमतात. या दोन्ही वेळा ऐन तापाच्या. चालणारांनीं पहाटे निघून अकराच्या आंत मुक्काम गांठावा, दुपारीं चारपर्यंत झाडाखालीं राहावें, आणि तहानेची वाट न पाहतां दर वीस मिनिटांनीं पेलाभर पाणी प्यावें. शेतकामासही हाच नियम. नवा गडी पहिल्याच दिवशीं पूर्ण कामास लावूं नये; उन्हाची संवय शरीरास आठ-दहा दिवसांनीं होते, आणि तोंपर्यंत धोका सर्वांत अधिक असतो.

पत्र्याच्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न निराळा आहे. तेथें दुपारीं बाहेरच्या सावलीपेक्षां आंत अधिक तापतें, आणि चुलीजवळ बसणाऱ्या गृहिणीस तर दुहेरी आंच लागते. स्वयंपाक सकाळीं लवकर उरकावा. पत्र्यावर पाचट किंवा कडबा पसरल्यास ताप पुष्कळ कमी होतो, मात्र चुलीची ठिणगी तेथें पोंचणार नाहीं हें पाहावें. हवा चाळीस अंशांच्या वर गेल्यावर नुसता पंखा तापलेलाच वारा अंगावर आणतो. अंगावर ओला पंचा घेऊन पंख्याखालीं बसल्यास तोच पंखा गारवा देतो. माठाचें शास्त्र येथें पुन्हा उपयोगी पडतें.

घरांतील वृद्धांची तहान वयाबरोबर मंदावते. कित्येक जण रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारीं औषधें घेत असतात. त्यांनीं उन्हाळ्यापूर्वींच डॉक्टरांस विचारून ठेवावें. आजोबांस ‘पाणी हवें का ?’ असें विचारल्यास ते ‘नको’ म्हणणार. म्हणून न विचारतां, दर तासाला तांब्या भरून त्यांच्या हातीं द्यावा, आणि तो रिता होईपर्यंत तेथेंच उभें राहावें.