गुळवेल आणि शरीराची प्रतिकारशक्ती

परसातील कुंपणावर किंवा शेताच्या बांधावरील कडुनिंबावर चढलेली गुळवेल ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. हृदयाच्या आकाराची पाने, रसाळ खोड आणि पिकल्यावर लाल होणारी फळे ही तिची ओळख होय. संस्कृतात तिला गुडूची व अमृता अशी नावे आहेत. जुन्या तापावर तिच्या खोडाचा काढा देण्याची प्रथा फार पूर्वीपासून चालत आली आहे. या प्रथेला शास्त्रीय आधार किती आणि तिच्या वापराला मर्यादा कोणत्या, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संशोधन काय सांगते?

शरीरात शिरलेल्या रोगजंतूंना गिळून नष्ट करण्याचे कार्य रक्तातील पांढऱ्या पेशी करतात. पित्तनलिका बंद झाल्यामुळे होणाऱ्या काविळीत या पेशींची शक्ती क्षीण होते. अशा रुग्णावर शस्त्रक्रिया केल्यास जंतुसंसर्ग रक्तात पसरून प्राणावर बेतण्याचा धोका असतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 30 रुग्णांचा अभ्यास केला. तो 1993 साली प्रसिद्ध झाला. रुग्णांचे दोन गट करून दोन्ही गटांना नेहमीचे उपचार देण्यात आले. एका गटाला त्याखेरीज गुळवेलीचा अर्क दिला गेला. अर्क घेतलेल्या रुग्णांत पेशींची जंतुनाशक शक्ती पूर्ववत झाली. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण त्या गटात सुमारे 92 टक्के, तर दुसऱ्या गटात 40 टक्के होते.

हे निष्कर्ष आशादायक असले, तरी रुग्णसंख्या अल्प होती, आजार विशिष्ट होता आणि औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक मात्रेत दिले होते. निरोगी माणसाने रोज काढा घ्यावा, असा अर्थ त्यातून निघत नाही.

सावधगिरीची आवश्यकता

2020 मधील कोविड साथीच्या काळात अनेकांनी कोणाचाही सल्ला न घेता गुळवेलीचे दीर्घकाळ सेवन केले. त्यानंतर यकृताला सूज आलेल्या 6 रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केली. 2022 साली देशातील विविध केंद्रांतील 43 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. यांतील अनेकांत प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणे आढळली. प्रतिकारशक्ती चेतविणे प्रत्येकाला हितकारकच ठरते असे नाही, हा यातील बोध होय.

केंद्रीय आयुष मंत्रालयाने मात्र गुळवेल सुरक्षित असल्याचे मत व्यक्त केले आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीपासून सावध राहण्याचा सल्ला दिला. त्या जातीच्या खोडावर बारीक गाठी असतात. म्हणून वेल नीट ओळखल्याशिवाय वापरू नये.

आपले कर्तव्य

शिक्षकांनी शाळेच्या आवारात गुळवेल लावून विद्यार्थ्यांना तिची ओळख करून द्यावी. पंचायत सदस्यांनी व अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत पुढील गोष्टी समजावून सांगाव्यात: वैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याविना गुळवेल दीर्घकाळ घेऊ नये, यकृताचा विकार, संधिवात वा मधुमेह असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी विशेष काळजी घ्यावी, डोळे वा लघवी पिवळी दिसू लागताच सेवन थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. परंपरेने दिलेल्या या वनस्पतीचा आदर राखावयाचा, तर तिचा उपयोग डोळसपणेच केला पाहिजे.