दंडुक्याचे गाव

संग्रहालयातील काचेच्या कपाटात हातभर लांबीचा एक लाकडी दंडुका ठेवलेला असतो. शेजारच्या चिठ्ठीवर 'दंडुका, ऑस्ट्रेलिया' एवढेच लिहिलेले असते. पण ऑस्ट्रेलिया केवढा विस्तीर्ण! १७८८ साली इंग्रजांनी सिडनी येथे पहिली वसाहत केली, तेव्हा तेथील आदिवासी अडीचशेहून अधिक भाषा बोलत होते. प्रत्येक लोकसमूहाची भूमी निराळी, रीत निराळी आणि दंडुक्याची घडणही निराळी. मग हा दंडुका कोणत्या गावचा?

जाणकार प्रथम लाकूड पाहतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशात मुल्गा नावाचे झाड वाढते. ते आपल्या बाभळीचे नातलग होय. त्याचा गाभा गर्द तपकिरी, कठीण आणि जड असतो. असे लाकूड दिसले, की जाणकाराची दृष्टी त्या प्रदेशाकडे वळते.

नंतर तो आकार पाहतो. 'नल्ला-नल्ला' आणि 'वॅडी' हे सिडनीच्या परिसरातील भाषेतून आलेले शब्द. पुढे ते सर्वच दंडुक्यांना लावले गेले. परंतु सर्व दंडुके सारखे नसतात. आग्नेय भागात कोवळे झाड मुळासकट काढून मुळाजवळच्या गाठीचेच डोके घडवीत. व्हिक्टोरियाकडील 'लिअँगल' या दंडुक्याचे टोक कुदळीसारखे वाकलेले असते. शत्रूने ढाल पुढे केली, तरी ते टोक ढालीच्या कडेवरून पलीकडे पोहोचत असे. कित्येक दंडुके शिकारीत फेकून मारीत. कंदमुळे खणण्याची स्त्रियांची काठीही वरवर पाहणाऱ्यास दंडुकाच वाटते. पण तिचे टोक मातीत घासून झिजलेले असते.

शेवटी तो हत्यारांच्या खुणा तपासतो. डोक्यात लोखंडी खिळे ठोकलेले असतील किंवा तापलेल्या तारेने नक्षी डागलेली असेल, तर तो दंडुका युरोपीय लोकांच्या आगमनानंतरचा समजावा. तासल्याच्या रेषा, मुठीवर हाताने चढलेली झिलई, आघाताचे खळगे हीच त्या वस्तूची अक्षरे होत. हौसेने तिला घासून रोगण लावणारा ही अक्षरेच पुसून टाकतो.

तथापि लाकूड सर्व काही सांगू शकत नाही. करणारा कोण होता, तो कोणत्या नदीकाठी राहत होता, हे वस्तू घेणाऱ्यानेच त्या वेळी विचारून लिहावयास हवे. अनेक संग्राहकांनी तेवढेही श्रम घेतले नाहीत. काहींनी तर वस्तू मालकाला न विचारताच उचलल्या.

नोंदीचे मोल किती, हे चार भाल्यांच्या कथेवरून कळते. १७७० साली कॅप्टन कुक व त्याच्या सोबत्यांनी बॉटनी बे येथील ग्वीगल लोकांच्या वस्तीतून सुमारे चाळीस भाले नेले. त्यांतील चार इंग्लंडमधील केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजाकडे आले आणि राहिले. ते कोठून व केव्हा नेले, हे लिहिलेले होते. म्हणूनच त्या लोकांच्या वंशजांना ते आपले म्हणून मागता आले, आणि २०२४ साली कॉलेजाने ते त्यांच्या स्वाधीन केले. अडीचशे वर्षांनी भाले घरी परतले. 'दंडुका, ऑस्ट्रेलिया' एवढीच चिठ्ठी लाभलेल्या दंडुक्याने मात्र कोणत्या घरी जावे?

वस्तू जमविणे सोपे असते. तिचे नाव-गाव जपणे हे खरे काम होय. हे ज्याने केले, तोच खरा संग्राहक.

स्वाध्याय

१. दंडुका ओळखण्यासाठी जाणकार कोणत्या तीन गोष्टी पाहतो?
२. जुन्या वस्तूला रोगण लावणे घातक का ठरते?
३. चार भाले परत मिळू शकले, याचे कारण सांगा.
४. तुमच्या घरातील जाते, पाटा किंवा अडकित्ता यांपैकी एक जुनी वस्तू निवडा. ती कोणी, कोठून व केव्हा आणली, हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवा.